बॅटरी ‘सॉलिड स्टेट’ आहे, तर पावतीवर तसे लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सॉलिड स्टेट बॅटरी’ (आत द्रव नसलेली, घनरूप बॅटरी) हा शब्द आजवर विजेवरच्या गाड्यांच्या बातम्यांत वाचायला मिळत होता. आता तो नाशिकच्या दुकानांत पोहोचला आहे आणि तेथे त्याचा जो अर्थ केला जातो तो घातक आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या भाच्याचे निफाड तालुक्यात द्राक्षांचे लहानसे पॅकहाऊस आहे. ऐन हंगामात वीज गेली तर दिवे आणि वजनकाटे बंद पडू नयेत म्हणून त्याने शहरातील एका दुकानातून इन्व्हर्टरची बॅटरी घेतली. “ही सॉलिड स्टेट आहे, हिला आग लागतच नाही,” असे सांगून त्याच्याकडून जादा पैसे घेतले गेले, आणि त्या भरवशावर त्याने ती पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्पीला खेटून ठेवली. मी झाकण काढून पाहिले, तर आत निळ्या वेष्टणातले घट (सेल) होते आणि प्रत्येकावर ३.२ व्होल्टचा छाप होता. म्हणजे नेहमीचेच लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाचे घट. हे घट इतर लिथियम घटांच्या मानाने पुष्कळ सुरक्षित असतात हे खरे. परंतु त्यांच्यातील प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा ज्या द्रावणात भिजलेला असतो, ते द्रावण पेट घेऊ शकते. दुकानदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, “यात पाणी घालावे लागत नाही, म्हणजे सॉलिडच की!” त्याने मुद्दाम फसवले असे मी म्हणत नाही. त्यालाही कोणी तरी तसेच सांगितले असावे.

घनरूप घटात द्रावण नसतेच. आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, घन पदार्थातूनच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात. ही कल्पना नवी नाही. तापवलेल्या सिल्व्हर सल्फाइडमधून वीज वाहते हे मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्येच नोंदवले होते. १९७२ पासून माणसाच्या शरीरात बसवल्या जाणाऱ्या पेसमेकरमध्ये लिथियम-आयोडीनचे घट आले. त्यांत लिथियम आयोडाइडचा घन थर घटाच्या आत आपोआप तयार होतो. ते घट पुन्हा चार्ज होत नाहीत, पण वर्षानुवर्षे हृदयाला साथ देतात.

खरा घनरूप घट पाहायचा असेल तर गॅरेजमध्ये जावे. हल्लीच्या मोटारींच्या आणि स्कूटरच्या सायलेन्सरच्या नळीवर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. आयटीआयमध्ये शिकवत असताना मी अंबडच्या एका मेकॅनिककडून असे दोन जुने सेन्सर मागून आणले होते. एक कापून दाखवला. आत शिंप्याच्या अंगुस्तानासारखी झिर्कोनिया या सिरॅमिक पदार्थाची पांढरी टोपी निघाली. दुसरा गॅसच्या ज्योतीत लालसर होईपर्यंत तापवून त्याला मल्टिमीटर लावला, तेव्हा काटा ०.८ व्होल्टच्या आसपास गेला. बाहेरून ज्योत, आतून हवा, आणि दोहोंमधल्या ऑक्सिजनच्या तफावतीतून वीज! मुले एकमेकांना सारून पुढे आली होती. हाच पदार्थ ७०० ते १००० अंश सेल्सिअसला ठेवून एका बाजूने हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूने हवा दिली की तो वीज देणारा इंधनघट होतो. आणि उलट दिशेने वीज देऊन वाफ सोडली तर हायड्रोजन सुटा होतो, म्हणजे तीच वीज इंधनाच्या रूपाने साठवता येते.

चार्ज होणाऱ्या घनरूप लिथियम बॅटरीचे गाडे अडते ते वेगळ्या ठिकाणी. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक यांचा असा घन पदार्थ प्रसिद्ध केला, की त्यातून आयन द्रावणाइतक्याच सहजतेने वाहतात. परंतु चार्ज-डिस्चार्ज होताना इलेक्ट्रोड, म्हणजे घटाचे टोक, फुगतो आणि आकसतो व फटी पडतात. द्रव त्या फटीत शिरतो, घन पदार्थ शिरत नाही, आणि संपर्क सुटतो. शिवाय गंधकयुक्त पदार्थांना दमट हवा लागली की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. अशा अडचणींवर जगभरातल्या प्रयोगशाळा अजून झगडत असताना तीच वस्तू इन्व्हर्टरच्या दुकानात हाती पडली, तर ग्राहकाने आधी शंका घ्यावी.

माझी विक्रेत्यांना आणि ग्राहक संघटनांना विनंती आहे की बॅटरीच्या पावतीवर आणि वॉरंटी कार्डावर घटाचे रसायन काय, आणि त्यातील इलेक्ट्रोलाइट (आयन ज्यातून वाहतात तो पदार्थ) द्रव, अर्धघन की घन, हे मराठीत स्पष्ट लिहिले जावे. आपल्या वृत्तपत्रानेही हा शब्द छापताना तेवढे एक वाक्य जोडावे.

भाच्याने बॅटरी आता बाहेरच्या हवेशीर पडवीत हलवली आहे. ज्या बागायतदारांनी अशी बॅटरी खोक्यांजवळ, कागदाजवळ किंवा गंधकाच्या पोत्यांशेजारी ठेवली असेल, त्यांनी ती आजच तेथून हलवावी.

आपला,
एक सेवानिवृत्त शिल्पनिदेशक (विद्युत), सिडको, नाशिक