आई-बाबा, माफी नको, तिचं काय झालं ते सांगा

प्रिय आई, बाबा,

फोनवर हे बोलणं होत नाही म्हणून लिहितेय. मी तो विषय काढला की आई तू लगेच तब्येत विचारतेस, बाबा तुम्ही फोन तिच्या हातात देऊन उठून जाता, मग थोडं इकडचं तिकडचं बोलून आपण ठेवतो आणि विषय आहे तिथेच राहतो. पत्र अर्ध्यात ठेवलंत तरी ते घरातच राहील, म्हणून.

आधी सरळ सांगून टाकते, आम्ही लग्न करतोय. तुम्हाला तो पसंत नाही हे माहितीये. आई मागच्या वेळी तू म्हणालीस, "ज्या पोराने तेव्हा तसं केलं तो परत करेल," आणि त्याने काय केलं असं मी विचारल्यावर फोन ठेवलास. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. कारण त्याने काय केलं ते त्याने मला स्वतः सांगितलंय, आणि ती गोष्ट त्या दिवशी त्या आतल्या खोलीत असलेल्या माणसांशिवाय कुणाला माहिती असूच शकत नाही. मग आई, तुला कशी माहिती?

तुम्हाला वाटतं तो मला कुठूनतरी शोधत आला. तसं नाहीये. आपण होतो तशा पंथांमधून बाहेर पडलेल्या लोकांचा एक सपोर्ट ग्रुप आहे, मी तिथे जायचे, एक दिवस तो आला आणि दाराकडे तोंड करून बसला. मीही कायम तशीच बसते. ओळख पटायला वेळ लागला, लहानपणचा चेहरा मोठ्या माणसात शोधावा लागतो. ओळख पटल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग त्याने एकच विचारलं, "आपल्या खोलीत खिडकीजवळ झोपणारी एक मुलगी होती ना? डावखुरी?"

आई-बाबा, मी तिथेच रडायला लागले. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती मुलगी माझ्या मनाने बनवलीये. एका सकाळी तिची गादी नव्हती, कपडे नव्हते, आणि संध्याकाळच्या सभेत आम्हा सगळ्या मुलांकडून एकेक करून वदवून घेतलं की अशी कुणी मुलगी इथे नव्हतीच. मी पण म्हटलं. म्हणताना मी बायकांच्या रांगेत तुला शोधलं आणि तू खाली बघत होतीस. तिथे मला तुला आई म्हणायची परवानगी नव्हती, पण तू माझी आई आहेस हे मला माहिती होतं, आणि तू मान वर केली असतीस तर कदाचित मी नव्हती म्हणाले नसते. मोठी झाल्यावर हे ज्याला सांगितलं तो म्हणायचा की लहान मुलांना असं वाटतं, खेळायला एखादी खोटी मैत्रीण असते. आणि तो डावखुरी म्हणाला. तिचा डावा हात बांधून उजव्या हाताने लिहायला लावायचे हे त्यालाही आठवत होतं. प्रेम तिथून सुरू झालं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मग एका रात्री त्याने मला बाकीचं सांगितलं. तुम्हाला ते संध्याकाळचं बोलणं आठवत असेल, स्वतःची चूक सांगायची आणि नसेल तर दुसऱ्याची सांगायची, आणि दुसऱ्याची सांगितली की पुढच्या रांगेत बसायला मिळायचं. तो नऊ वर्षांचा होता. मागच्या कुंपणाची एक तार सैल आहे आणि ती तिथून रात्री जाणार आहे, हे तिने फक्त त्याला सांगितलं होतं. त्याने ते सांगितलं. सभेत नाही, त्याला आत बोलावून विचारलं तेव्हा. सकाळी ती नव्हती. तो इतकी वर्षं हे घेऊन जगला आणि मला सांगताना त्याचे दात वाजत होते. मी त्या रात्री त्याच्याशी बोलू शकले नाही हे खरं आहे. पण उठून गेलेही नाही.

आम्ही दोघं खूप वाचतो, जगात दुसरीकडे काय काय झालं ते. रॉबर्ट लिफ्टन म्हणून एक मानसोपचारतज्ज्ञ होते, चीनमध्ये विचार बदलायला लावणाऱ्या छळातून गेलेल्या माणसांशी बोलून त्यांनी १९६१ साली अशा जागांच्या आठ खुणा सांगितल्या, त्यात कबुली द्यायला लावणं ही एक आहे. वाचताना आपली सभा डोळ्यासमोर आली. आणि जोन्सटाउनचं तर मी त्याला मुद्दाम वाचून दाखवलं. १९७८ चा नोव्हेंबर, गयानाच्या जंगलातली एका पंथाची वस्ती, अमेरिकन खासदार चौकशीला आलेला, एका माणसाने आम्हाला इथून बाहेर काढा अशी चिठ्ठी हळूच पुढे केली, खासदार समजून खरंतर एका पत्रकाराला दिली, आणि जवळ उभ्या असलेल्या एका लहान मुलाने ते पाहून आरडाओरडा करून सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिथे नऊशेच्या वर माणसं मेली, त्यात जवळजवळ एक तृतीयांश मुलं. त्या ओरडणाऱ्या मुलाला तुम्ही गुन्हेगार म्हणाल का? मी नाही म्हणत. जिथे मुलांना चुगलीलाच चांगुलपणा म्हणून शिकवलं जातं तिथे मूल चुगली करणारच, आणि शिकवणारी माणसं मोठी असतात. म्हणून आई, तो परत करेल हे तू म्हणू नकोस. बाकी कुणी म्हणालं तर मी ऐकून घेईन, तिथे असलेल्या मोठ्या माणसांनी नको.

तुम्हाला काळजी आहे की दोन जखमी माणसं एकत्र येऊन काय करणार. मलाही होती. १९९३ साली अमेरिकेत टेक्ससमध्ये वेको इथे एका पंथाच्या वस्तीला केंद्रीय पोलिसांनी ५१ दिवस वेढा घातला होता, त्यात सुरुवातीला २१ मुलं बाहेर सोडली गेली, त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना दिसलं की ती मुलं शांत बसलेली असतानाही त्यांच्या हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा बरेच जास्त होते. दार वाजलं की त्याच्या छातीवर हात ठेवला तर मला तेच लागतं, माझंही तसंच. मी गप्प बसले की त्याला वाटतं शिक्षा होणार, त्याने आवाज चढवला की मी जाग्यावर थिजते. पण आम्हाला हे एकमेकांना समजावून सांगावं लागत नाही. आणि आम्ही एक ठरवलंय, विचारलं की उत्तर द्यायचं, आत्ता नाही हेही उत्तर चालतं, पण असं काही नव्हतंच हे चालत नाही.

आता मुख्य.

आम्ही पोलिसात जबाब देणार आहोत. वकिलांना भेटलो, त्या चांगल्या आहेत, पण त्यांचं म्हणणं की दोन लहान मुलांच्या आठवणी एवढ्यावर फार पुढे जाता येणार नाही, त्या वेळचा एखादा मोठा माणूस हवा किंवा कागद हवा. आम्ही हे ठरवल्यावर थोड्याच दिवसांत त्याला अनोळखी नंबरवरून मेसेज आला की झालं गेलं विसरा आणि संसाराला लागा. आम्ही लग्न करतोय हे तेव्हा फार थोड्या लोकांना माहिती होतं. पुढच्या आठवड्यात माझ्या नावाने पाकीट आलं, पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत एक फोटो. कुंपणापाशी तीन मुलं. मी, तो, आणि ती. तिचा डावा हात पाठीमागे आहे.

आधी मला वाटलं दोन्ही एकाच माणसाचं काम, घाबरवायला. पण गप्प बसा म्हणणारा माणूस पुरावा कशाला पाठवेल? म्हणजे ही दोन वेगळी माणसं आहेत, एकाला आम्ही बोलू नये असं वाटतं आणि दुसऱ्याला आम्ही बोलावं असं. फोटोच्या मागे तीन नावं आहेत, तिचं पूर्ण नाव आहे, इथे लिहीत नाही कारण हे पत्र कुणाच्या हाती लागावं असं मला वाटत नाही. आई, ते अक्षर तुझं आहे. तुझा तो श मी कुठेही ओळखेन.

तू पाठवलास का?

पाठवला असशील तर मी चिडलेली नाहीये, मला उलट धीर आला. आणि त्या खोलीत तू होतीस हेही मला आता कळलंय, तू तिथे का होतीस, तुला बोलावलं होतं की बसवलं होतं, हे तुझ्याकडून ऐकायचंय. बाबा, तुमच्याकडे मुलांचं रजिस्टर असायचं. तिचं नाव खोडताना तुम्हाला काय कारण सांगितलं? तिला कुणी नेलं, गाडी आली होती का, तिच्या आईला काय सांगितलं, की तिची आईच तिथे नव्हती? आपण रात्री निघून आलो ते ह्याच्यामुळे का? ते रजिस्टर तेव्हा तुमच्या पिशवीत होतं असं मला वाटतं, मी त्यावर डोकं ठेवून झोपले होते, कडक काहीतरी टोचत होतं. असेल तर कृपा करून जाळू नका, फाडू नका. ऑस्ट्रेलियात १९८७ साली पोलिसांनी एका अशाच पंथाच्या घरातून मुलं सोडवली, ब्लीच करून सोनेरी केलेले केस, उपाशी ठेवलेली, मारलेली, आणि शेवटी तो पंथ चालवणाऱ्या बाईवर आणि तिच्या नवऱ्यावर कोर्टात टिकलं काय तर मुलांची खोटी जन्मनोंदणी, दंड प्रत्येकी ५००० डॉलर. एवढ्या सगळ्या मुलांच्या सांगण्यापेक्षा एक कागद जड झाला. मला त्याचा भयंकर राग येतो, पण म्हणूनच कागद हवाय.

मला माहितीये तुम्ही तिथे का गेलात. माझ्या आधीचं बाळ गेलं तेव्हा नातेवाईक चार दिवसांनी आपापल्या घरी गेले आणि ती माणसं रोज येऊन तुमच्याजवळ बसली, घर झाडलं, आईला न बोलता धरून ठेवलं. पंथात जायचं म्हणून कुणी जात नाही, चांगल्या माणसांकडे जातोय असंच वाटतं. चिलीत कोलोनिया दिग्निदाद म्हणून वस्ती होती, १९६१ पासूनची, तिथे तर आईबापांना स्वतःच्या मुलांपासून वेगळं ठेवायचे आणि पुष्कळ वर्षं त्यांनाही ते बरोबर वाटत होतं. तिथला मुख्य माणूस १९९७ मध्ये पळाला आणि २००५ मध्ये अर्जेंटिनात पकडला गेला, ८३ वर्षांचा असताना. आपले ते अजून जिवंत आहेत, बाबा. अजूनही तिथे मुलं आहेत.

तुम्ही दोघं मला दरवेळी माफ कर म्हणता, दिवाळं निघाल्यासारखे चेहरे करून, आणि मग काहीच सांगत नाही. माफी मी कधीच देऊन टाकलीये. तुम्हाला तिथून निघाल्यावर परत जायला तुमचं आधीचं आयुष्य होतं, जुने मित्र, जुनी गाणी. मला तेच लहानपण आहे, दुसरं नाही, आणि त्यातले मधले तुकडे फक्त तुमच्याकडे आहेत. तुमची वयं झालीत, हे लिहायला मला आवडत नाही, पण झालीत.

आम्ही दोघं पुढच्या रविवारी येतोय. त्याला दारात उभं करू नका. माझ्यासमोर बोलणं जड जात असेल तर मी बाहेर थांबेन, तुम्ही त्याच्याशी बोला, किंवा दोघांशीही नको असेल तर वकिलांचा नंबर पाकिटाच्या आत लिहिलाय, त्या घरी येऊन ऐकून घेतील, घाई करणार नाहीत. बाबा, तुम्ही वेगळे आणि आई तू वेगळी सांगितलंत तरी चालेल, एकमेकांना विचारून जुळवून मात्र सांगू नका.

आणि आई, तो फोटो तू पाठवला नसशील तर रविवारची वाट बघू नकोस, हे वाचल्या वाचल्या फोन कर. मग तुझ्या हातचं लिहिलेलं तिथे अजून कुणाकडेतरी आहे आणि त्याला माझा पत्ता माहिती आहे.

तुमची मुलगी