‘फॉरमॅट मारण्या’पूर्वी दोन ओळी लिहून घ्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या अनेकांनी आपापले संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेऊन त्यांवर नवे विंडोज टाकून घेतले. मीही त्यांतलाच एक. दुकानांच्या भाषेत याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. माझे नऊ वर्षांचे काम या फॉरमॅटमध्ये दिसेनासे झाले. त्यातले बरेचसे पुढे परत मिळाले. जे मिळाले नाही ते मात्र फॉरमॅटमुळे नव्हे, तर त्यानंतर दुकानदाराने आणि आम्ही घरच्यांनी केलेल्या घाईमुळे गेले. हा फरक फारसा कोणाला ठाऊक नसतो, म्हणून हे पत्र.

निवृत्तीनंतर मी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत जुळवत होतो. चौदा शाखांच्या वंशावळी, जुन्या छायाचित्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, वडीलधाऱ्यांच्या ध्वनिफिती, सगळे ‘डी’ ड्राइव्हमध्ये होते. दुकानात मी ‘आत महत्त्वाची कागदपत्रे आहेत’ एवढेच सांगितले. तिथल्या मुलाने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन फोल्डर इमानदारीने काढून ठेवले, मग डिस्कचे दोन्ही भाग पुसून एकच केला आणि त्यावर विंडोज, ऑफिस, अँटिव्हायरस चढवून दिले. घरी आल्यावर ‘डी’ गायब. भाच्याने तत्परतेने फायली परत मिळवण्याचा प्रोग्राम उतरवला, त्याच डिस्कवर टाकला आणि सापडेल ते त्याच डिस्कवर साठवायला सुरुवात केली. रात्रभर ते यंत्र चालू होते. दुकानदाराला बोल लावताना आमच्या घरचा हा पराक्रमही सांगितलाच पाहिजे.

झाले ते समजायला सातबाऱ्याचे उदाहरण सोयीचे आहे. उताऱ्यावरचे नाव कमी झाले म्हणून शेतातली उभी ज्वारी नाहीशी होत नाही. पण ती जमीन मोकळी समजून दुसऱ्याने तीत नांगर घातला, की मग पीक गेलेच. ‘क्विक फॉरमॅट’ केवळ डिस्कवरची, कोणती फाइल कुठे आहे ते सांगणारी नोंदवही नवी करतो. फायलींचा मजकूर जागच्या जागी असतो, फक्त ती जागा आता रिकामी धरली जाते. नवे विंडोज, नवे प्रोग्राम, अगदी ब्राउझरने गुपचूप साठवलेली चित्रेसुद्धा, या जागेवर घातलेले नांगरच होत. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट वेगळी आहे. विंडोज एक्सपीपर्यंत तो डिस्कचे खराब भाग तपासण्यापुरता होता, पण २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून तो संपूर्ण भागावर शून्ये लिहितो. त्यानंतर शोधायला काही उरत नाही.

चुंबकीय डिस्क इतर बाबतींत किती चिवट असते, हे कोलंबिया अंतराळयानाच्या अपघातानंतर दिसले. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांना घेऊन परतणारे ते यान वातावरणातच फुटले. त्यातली ४०० मेगाबाइटची एक हार्ड डिस्क काही महिन्यांनी अवशेषांत जळक्या अवस्थेत सापडली आणि तज्ज्ञांनी तिच्यातला सुमारे ९९ टक्के डेटा वाचून दाखवला. आकाशातून कोसळलेल्या डिस्कवरचे जवळजवळ सगळे मिळते, आणि टेबलावरून न हललेल्या माझ्या डिस्कवरचे मिळत नाही. कारण तिच्यावर नंतर कोणी काही लिहिले नव्हते, माझ्या डिस्कवर लिहिले गेले.

शेवटी अभियंता असलेल्या माझ्या पुतणीने फोनवर ‘काका, आधी संगणक बंद करा’ असे दरडावले आणि सुट्टीत येऊन डिस्क बाहेर काढली. दुसऱ्या संगणकाला ती जोडून तिने प्रथम ‘डीडीरेस्क्यू’ या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत एका मोठ्या डिस्कवर घेतली आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर केले. ख्रिस्तोफ ग्रेनिये यांनी लिहिलेले ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ हे प्रोग्राम मोफत मिळतात. टेस्टडिस्कला जुन्या ‘डी’ची हद्द सापडली, पण तिची नोंदवही भाच्याने ‘वाचवलेल्या’ फायलींखाली गाडली गेली होती. मग उरला फोटोरेक. तो नोंदवहीकडे पाहतच नाही. जेपेग चित्राच्या आरंभीचे ठरावीक बाइट, पीडीएफच्या तोंडाशी असलेले टक्केचिन्ह, अशा खुणांवरून फाइल ओळखून उचलतो. त्यामुळे फायली मिळतात पण नावे जातात; ‘एफ’ अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा अशा नावांचा ढीग समोर येतो. त्यात मी टंकन केले होते श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खिचडा, त्यामुळे ‘पणजोबा’ असा शब्द टाकून शोधण्याची सोय नाही. एकेक फाइल उघडून बघावी लागली. एका छायाचित्रात वरच्या अर्ध्या भागात नऊवारीतली माझी आजी आहे आणि खांद्यांखाली नुसता सपाट राखाडी पट्टा. चौदांपैकी नऊ शाखा हाती लागल्या.

हे सारे फिरत्या तबकडीच्या डिस्कबद्दल झाले. आताच्या लॅपटॉपांत बहुधा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर मजकूर साठवणारी डिस्क असते आणि तिथे गणित फार कडक आहे. फॉरमॅट होताच विंडोज ‘ट्रिम’ नावाच्या आज्ञेने सारी जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवते. त्यानंतर ती जागा वाचू गेल्यास सहसा शून्येच मिळतात आणि आतला मजकूर एसएसडी आपल्या सवडीने खरोखरच पुसून टाकते. तिथे पुतणीचाही इलाज चालला नसता. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तो यांत्रिक बिघाड. तिथे घरगुती प्रोग्राम चालवू नयेत आणि डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा प्रसिद्ध सल्लाही मानू नये.

दुकानदारांच्या पावतीवर तळाशी बारीक अक्षरांत ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ असे छापलेले असते. ते मला मान्य आहे. दुसऱ्याच्या संगणकात काय आहे हे त्यांना कसे कळावे? पण त्याच पावतीवर डिस्कचे भाग किती आहेत, त्यांतला कोणता पुसायचा आणि कशाची प्रत घेतली, हे दोन ओळींत लिहून त्याखाली ग्राहकाची सही घेणे अवघड नाही. त्याहून सोपा मार्ग म्हणजे जुनी डिस्क न पुसता ग्राहकाच्या हाती देऊन नवी बसवण्याचा पर्याय आधी विचारणे. ज्यांना परवडेल ते घेतील, निदान विचारले तरी जाईल. आणि भंगारात किंवा जुन्या बाजारात संगणक देणाऱ्यांनी याच गोष्टीची उलट बाजूही लक्षात घ्यावी: नुसता क्विक फॉरमॅट करून दिलेल्या हार्ड डिस्कवर आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती बहुतेक वेळा शाबूत असतात.

उरलेल्या पाच शाखांसाठी मी पुन्हा पत्रे पाठवायला सुरुवात केली आहे. या खेपेला उत्तरे दोन वेगवेगळ्या डिस्कवर साठवतो आहे आणि त्यांतली एक पुतणीच्या घरी असते.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सातारा