गरम झाली की झटके देणाऱ्या गाडीबद्दल

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. घरची खुशाली दोन ओळींत आटोपलीस आणि बाकी सगळी पानं गाडीला दिलीस, तेव्हाच ओळखलं की प्रकरण डोक्यात गेलंय. सकाळी पटकन सुरू होते, गार असेपर्यंत बरी चालते, गरम झाली की मिसिंग मारायला लागते, म्हणजे मधूनच ठोका चुकवते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की पुढे जायच्या ऐवजी झटके देते, कधी बंदच पडते, आणि थोडा वेळ उभी ठेवली की काही झालंच नव्हतं अशा थाटात पुन्हा चालू. मिस्त्रीचं म्हणणं, कार्ब्युरेटर बदला. माझं म्हणणं, अजून काहीच बदलू नकोस.

पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर हा जुन्या गाडीतला हक्काचा आरोपी आहे. बॉनेट उघडलं की समोर तोच, पेट्रोलचा वास तिथूनच येतो, आणि स्क्रू जरा फिरवला की आवाज बदलतो, म्हणजे काहीतरी केल्याचं समाधानही मिळतं. पण माझ्या पाहण्यात त्याच्यावर घातलेल्या बऱ्याच तक्रारी शेवटी करंटच्या, म्हणजे ठिणगीच्या निघाल्या. ज्या खरोखर पेट्रोलच्या होत्या, त्यांतल्याही कित्येक टाकी ते पंप या वाटेवरच्या.

तुझी गाडी गार असताना नीट चालते, म्हणजे पेट्रोल, ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब ही तिन्ही निदान हजर आहेत. गरम झाल्यावर किंवा भार पडल्यावर त्यातलं एखादं कमी पडतं. कोणतं, ते स्पॅनर हातात घ्यायच्या आधीच बरंचसं कळू शकतं, फक्त पुढच्या वेळी झटके सुरू झाले की वैतागायच्या ऐवजी लक्ष दे.

पहिलं म्हणजे झटक्याची जात. पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन हळूहळू मावळतं. आधी ओढ कमी होते, मग गुदमरल्यासारखं करतं, पाय थोडा सैल सोडला की जरा सावरतं. करंट तुटत असेल तर असा कुठलाही मानमरातब नाही, एकदम कट होतं आणि तसंच एकदम परत येतं. तुझ्या गाडीला आरपीएमचा काटा असेल तर त्याच्याकडे बघ. जुन्या गाड्यांत बहुधा हा काटा कॉइलकडूनच (बॅटरीचा करंट ठिणगी पडण्याइतका जोरदार करणारी गुंडाळी) संकेत घेतो. गाडी गिअरमध्ये धावत असताना, म्हणजे चाकं इंजिन फिरवत असतानाही काटा धपकन शून्याकडे गेला, तर कार्ब्युरेटरला निर्दोष सोडून दे आणि कॉइल-पॉइंटकडे वळ (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट ठिणगीगणिक तोडणारी जोडी).

दुसरी परीक्षा चोकची, म्हणजे हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणाऱ्या झडपेची. झटके चालू असतानाच चोक अर्धा ओढून बघ. सुधारली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. आणखी बिघडली, तर पेट्रोल आधीच जास्त आहे किंवा दोष ठिणगीत आहे. एवढ्या स्वस्तात एवढी माहिती देणारी दुसरी परीक्षा मला तरी माहीत नाही.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, गाडी बंद पडेल तेव्हाची. बाजूला सुरक्षित उभी कर आणि लगेच एअर क्लीनरचं झाकण काढ. दहा मिनिटांनी नको, तोवर पुरावा निघून जातो. इंजिन बंद असताना कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावून हाताने थ्रॉटलचा लिव्हर झटकन ओढ. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली, तर फ्लोटच्या वाटीत (कार्ब्युरेटरमधल्या छोट्या साठ्यात) पेट्रोल आहे, पुढे ठिणगी तपास. नाही उडाली, तर बहुतेक वाटी कोरडी पडलीय आणि पेट्रोल मागेच कुठेतरी अडलंय. (घरी इंजिन गार असताना एकदा ही पिचकारी बघून ठेव. तेव्हाही नसेल तर पिचकारी मारणाऱ्या कार्ब्युरेटरमधल्या छोट्या पंपाचं वॉशर गेलेलं असणार आणि ही परीक्षा तुझ्या उपयोगाची नाही.)

आता धर की पिचकारी उडाली. एक प्लग काढून केबलला लाव, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या अंगाला नीट टेकव आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांग. केबल हातात धरू नकोस, आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही ना ते आधी बघ. ठिणगी निळसर-पांढरी आणि चटचट आवाज करणारी हवी. पिवळी, नारिंगी, बारीक असेल तर ती अशक्त आहे. पण इथे एक फसगत असते. उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला तिला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. ॲक्सिलरेटर जितका दाबशील तितकं मिश्रण जास्त आत येतं, दाब वाढतो, आणि थकलेली कॉइल तिथे हात टेकते. आयडलिंगला गाडी गोड चालते आणि चढावर मिसिंग मारते ते अनेकदा यामुळेच. प्लगचा गॅप वाढलेला असला तरी हेच होतं. पॉइंटच्या गाड्यांना साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतो, तरी तुझ्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडाच प्रमाण मान.

गरम झाल्यावरच बिघडणाऱ्या दोन खास गोष्टी म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर. कॉइलच्या आतली तार तापून पसरते, कुठेतरी जोड सुटतो किंवा इन्सुलेशन दगा देतं. गार झाली की पुन्हा शहाणी. तुझ्या गाडीचं ‘थोडा वेळ उभी ठेवली की चालते’ हे लक्षण तिला अगदी शोभतं. कंडेन्सर म्हणजे ती बोटाच्या पेराएवढी डबी. तो गेला की पॉइंटवर ठिणग्या उडतात आणि पॉइंट काळे पडतात, खड्डे पडतात. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना पाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप उघडशील तेव्हा पॉइंटचे चेहरे बघ. वाईट जळलेले असतील तर नुसते पॉइंट बदलून भागणार नाही, कंडेन्सरही बदल. जुना मात्र टाकू नकोस. नवे कंडेन्सर कधीकधी खोक्यातूनच खराब निघतात, तेव्हा निदान पूर्वपदावर येता आलं पाहिजे.

पॉइंटचा गॅप बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजत जातो, गॅप कमी होतो, आणि त्याबरोबर टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) मागे सरकतं. हे इतकं सावकाश होतं की रोज चालवणाऱ्याला पिकअप गेल्याचं जाणवतही नाही. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने आडवा हलवून बघ. बुश झिजून खेळ आला असेल तर गॅप कितीही नीट लाव, तो एका जागी राहणार नाही. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढ. आतली प्लेट सरकली पाहिजे, आणि नळी जिभेने बंद केल्यावर तशीच राहिली पाहिजे. हवा आरपार येत असेल तर पडदा फाटलाय. सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं गंजून अडकली असतील तर रोटर हाताने फिरवून सोडल्यावर स्प्रिंगने परत येत नाही. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसते का तेही बघ. ती चिरेवर जमलेल्या कार्बनची असते आणि करंट प्लगकडे जायच्या ऐवजी तिच्यावरून पळतो. केबलचं इन्सुलेशन तपासायला रात्रीसारखं दुसरं काही नाही. अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघड, थोडं पाणी फवार, आणि बघ कुठे निळं चमकतंय का. हात लांब ठेव, पंख्यापासूनही.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घे, पॉइंटची कटकटच नको, असं सांगणारे भेटतील. सल्ला वाईट नाही. पण आजार कळायच्या आधी नको, नाहीतर जुना दोष तसाच राहील आणि नव्या वायरिंगचा गोंधळ वर.

आता समज पिचकारी उडालीच नाही. मग सुरुवात टाकीच्या झाकणापासून. पेट्रोल कमी होतं तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. झाकणाचं भोक बुजलं असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. बंद पडल्याबरोबर झाकण उघड. सूं करून हवा आत खेचली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर तुझा सगळा प्रश्न तिथेच संपला.

टाकीच्या तळाचा गंज आणि गाळ हे दुसरं कारण. चालताना कचरा ओढला जाऊन आतल्या जाळीला चिकटतो, इंजिन उपाशी मरतं. उभी केली की ओढ थांबते, कचरा खाली बसतो, गाडी पुन्हा चालते. म्हणजे लक्षण हुबेहूब तापलेल्या कॉइलसारखं, म्हणून तर ती पिचकारी बघायला सांगतोय. फिल्टरमधलं पेट्रोल पांढऱ्या भांड्यात ओत. तांबूस भुकटी दिसली तर फिल्टर बदलून काही दिवसच जातील, टाकी उतरवून धुवावीच लागेल.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. टाकी ते पंप हा भाग ओढीखाली असतो. तिथल्या रबरी नळीला चीर गेली तर पेट्रोल गळेलच असं नाही, चालू गाडीत ती उलट हवा आत घेते. खाली थेंब नाही म्हणजे नळी चांगली, असं समजू नकोस. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते दोघं मिळून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. मिश्रणाचंही गणित बदलतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. साध्या पेट्रोलसाठी बेतलेला जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तेवढंच इंधन सोडत राहतो आणि मिश्रण कोरडं पडतं. फरक थोडा असतो, पण जेट आधीच अर्धवट बुजलेला असेल तर तेवढाही पुरतो.

पंप तपासायचा तर कॉइलची बारीक वायर आधी काढ, म्हणजे ठिणगीच पडणार नाही. कार्ब्युरेटरकडची नळी बाटलीत सोड आणि स्टार्टर मार. ठोक्याठोक्याला जोरदार धार यायला हवी. त्याच वेळी इंजिन ऑइलची पट्टी काढून वास घे. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, पातळी वाढलेली असेल, तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली उतरत असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर गाडी चालवूच नकोस, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. आणि पेट्रोलची नळी सायलेंसरच्या पाइपाजवळून जात असेल तर ती दूर बांध. तिथे पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंप नुसती वाफच ढकलत बसतो.

चोक ओढून सुधारली पण पेट्रोल भरपूर येतंय, असं झालं तर कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्ड आणि ब्रेक बूस्टरची नळी हवा घेतेय का ते ऐक. नळी चिमटीत दाबल्यावर इंजिनाचा सूर बदलला की जागा सापडली. कार्ब्युरेटर उघडायची पाळी यानंतरची. जेट साफ करताना तार घालू नकोस, भोक मोठं होतं, हवेने फुंक.

कम्प्रेशनबद्दल (सिलिंडरमधल्या दाबाबद्दल) तू घाबरून लिहिलंयस, पण गार असताना ओढणारी गाडी सहसा तिथे आजारी नसते. तरी एकदा गेजने मोजून टाक. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. एकूण आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघ. शेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅसकेटवर संशय घे. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोज. वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. सायलेंसर आतून तुंबणं, ब्रेक जाम होणं, क्लच घसरणं यांनीही गाडी ओढत नाही, पण झटके देत नाही, म्हणून ते सध्या बाजूला ठेवू.

एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि मग चालवून बघ. सुरुवात प्लगपासून कर. आयडलिंगनंतर काढलेला प्लग खोटं बोलतो, म्हणून चढावर भार दिल्यावर इंजिन तिथेच बंद करून, जरा निवल्यावर काढ. फिकट तपकिरी असेल तर उत्तम, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. चारही प्लग कोणत्या सिलिंडरचे ते खुणा करून ठेव, आणि त्यांचा रंग, चोकचा निकाल आणि पिचकारी उडाली की नाही, एवढं मला कळव. माझा संशय सध्या कॉइल आणि टाकीतला गाळ यांच्यात वाटला गेलाय, कॉइलकडे किंचित जास्त. मिस्त्रीला तोवर सांग की मित्राचं पत्र यायचंय.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अरुण