डॉक्टर, तुमच्या मुठीतल्या बाटलीबद्दल

आदरणीय डॉक्टर,

आमची कुत्री झिपरी आता पोटभर जेवते. ही बातमी आधी देते, कारण त्या रात्री आम्ही निघताना तुम्ही म्हणाला होतात, "जेवली की कळवा, कितीही उशीर झाला तरी." कळवलं होतं. पण मनात जे साठलंय ते तेवढ्या निरोपात मावणारं नव्हतं, म्हणून आज हे सगळ्यांसमोर लिहितेय.

तिच्या कानाचं दुखणं घेऊन आम्ही आधी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांचं नाव घेणार नाही, पण राग अजून गेलेला नाही आणि तो लपवणारही नाही. त्यांनी लांबूनच कान पाहिला, 'इन्फेक्शन आहे' म्हणाले आणि अँटिबायोटिक, स्टिरॉइड, दुखणं कमी करायची गोळी आणि कानात घालायचे थेंब असं सगळं एकदम लिहून दिलं. कानात नीट डोकावले नाहीत. मळ तपासला नाही. गोळ्या उपाशीपोटी द्यायच्या की खाण्याबरोबर, तेही सांगितलं नाही. उलट्या सुरू झाल्यावर फोन केला, तर म्हणे काहीतरी अबरचबर खाल्लं असेल. जुलाब लागले तेव्हा उत्तर मिळालं, "अँटिबायोटिकने होतं असं, कोर्स पूर्ण करा." शी काळी व्हायला लागली तेव्हा मात्र फोनच उचलला नाही.

अँटिबायोटिकने पोट बिघडू शकतं हे खरंच आहे, तुम्हीही तेच सांगितलंत. पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. कानासाठी आलेल्या जनावराच्या शीबद्दल तुम्ही इतकं खोदून विचारलंत की मला बरं वाटलं. काळी म्हणजे कशी? डांबरासारखी चिकट, चकचकीत? उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं का? मग तिचा ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबलीत आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलंत. दोन सेकंदांच्या आत आला. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जरा हायसं दिसलं आणि माझ्या घशातला आवंढा खाली गेला. मान एका बाजूला कलतेय का, डोळ्यांची बुबुळं थरथरतायत का, हेही बघितलंत. आतला कान बिघडला तर त्यानेही मळमळ होते, उलट्या होतात, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडायला सांगितल्यात. स्टिरॉइड आणि ती दुखण्यावरची गोळी शेजारी शेजारी ठेवून तुम्ही म्हणालात, "या दोघी एकत्र द्यायच्या नसतात." दोन्हींमुळे पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी होतं, एकत्र दिल्या की अल्सर होण्याचा धोका खूप वाढतो. वरच्या बाजूला रक्त झिरपलं की ते पचून काळं होऊन बाहेर येतं. दुखण्यावरची गोळी तिथल्या तिथे बंद झाली. स्टिरॉइड थोडेच दिवस झालं होतं, म्हणून तेही थांबवता आलं. जास्त दिवस चालू असतं तर हळूहळू उतरवावं लागलं असतं, हेही तुम्ही समजावून सांगितलंत, म्हणजे पुढे कधी आम्ही आपल्या मनाने काही करू नये.

आणि मग कान. आधी पडदा शाबूत आहे ना ते पाहिलंत, कारण पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आतल्या कानाला इजा करतात. कापसाच्या काडीवर मळ घेतलात, काचेवर फिरवलात, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली धरलात. यीस्ट होतं, म्हणजे एक प्रकारची बुरशी. बॅक्टेरिया जवळपास नव्हतेच. यीस्टवर अँटिबायोटिक चालत नाही. म्हणजे ज्या गोळीचं सांगून आम्हाला जुलाबांची समजूत घातली गेली, ती तिच्या कानाला लागणारच नव्हती. एक काडी आणि एक काच, एवढ्यावर सगळं टळलं असतं. हे लिहिताना अजून हात कापतात.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. हे सगळं बोलणं चालू असताना तुमची डावी मूठ बंद होती. लिहिताना, पट्ट्या बघताना, झिपरीच्या पोटावरून हात फिरवताना, मूठ बंदच. मला वाटलं हाताला काही लागलंय. शेवटी मूठ उघडलीत तर आत कानाच्या थेंबांची बाटली होती. "गार थेंब पडला की दचकतात बिचारे," तुम्ही म्हणालात. "मग पुढच्या वेळी बाटली पाहिली तरी लपतात. गरम पाण्यात वगैरे नका ठेवू, मुठीतली ऊब पुरते."

घरी अगदी तेच होत होतं, डॉक्टर. बाटलीचं झाकण वाजलं की झिपरी पलंगाखाली. तिला ओढून काढायचं, दोघांनी धरायचं, आणि ती धडपडताना अर्धं औषध केसांवर. तुम्ही तिच्या कानाची पाळी हळूच वर धरलीत, थेंब सोडलेत, कानाच्या मुळाशी बोटांनी चोळत राहिलात, आतून पुचपुच आवाज येईपर्यंत. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, म्हणून चोळल्याशिवाय औषध तळापर्यंत पोचत नाही, हे तुम्ही तिच्याकडे बघत बघतच सांगितलंत. आणि ती पळाली नाही. चोळून घेता घेता तिने डोळे मिटले. दुखणं सुरू झाल्यापासून तिने कानाला लावू दिलेला तो पहिला हात.

ज्याला बोलता येत नाही, तक्रार करता येत नाही, त्याला गार लागेल याचा विचार करून कोणी एवढा वेळ मूठ बंद ठेवतं, हे मी कधी विसरणार नाही. ते बिलात नव्हतं. मी मूठ पाहिली नसती तर मला कळलंही नसतं, आणि तुम्ही ते कळावं म्हणून केलंही नव्हतं. हुशार माणसं भेटतात. आपल्या हाताखाली जिवंत जीव आहे याची जाणीव प्रत्येक क्षणी ठेवणारी माणसं भेटली की छाती भरून येते. तुमच्या मदतनीसाचेही आभार. बाकावर बसून मी रडत होते तेव्हा त्याने काही न विचारता पाण्याचा पेला आणून ठेवला.

उलट्या थांबल्यात. शीचा रंग नेहमीसारखा झालाय. पोटाचं औषध तुम्ही सांगितलं तसं जेवणाआधी देतोय, खाणं थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा. कान वरून बरा दिसतोय, वासही गेलाय, तरी थेंब बंद केलेले नाहीत. पुढच्या तपासणीला मळ पुन्हा मायक्रोस्कोपखाली बघायचा आहे आणि कान परत परत बिघडत असेल तर ॲलर्जीचा शोध घ्यायचा आहे, हे लक्षात आहे. ठरल्या दिवशी तिला घेऊन येतोच.

तुमची मनापासून ऋणी,
झिपरीच्या घरून