काचेच्या इमारती आणि हरारेचे वारूळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहराच्या मध्यवस्तीत कार्यालयांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत आहेत. माझे कार्यालयही अशाच एका इमारतीत असून सकाळी अकराच्या सुमारास ऊन टेबलावर येते, मग पडदे ओढले जातात आणि भर दिवसा दिवे लागतात. वातानुकूलन तर अखंड चालूच असते. या पार्श्वभूमीवर झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथील ‘ईस्टगेट सेंटर’ आठवते. वास्तुविशारद मिक पीअर्स यांनी रचलेली ही इमारत १९९६ मध्ये पूर्ण झाली. जाड भिंती, सज्जांच्या सावलीतील आटोपशीर खिडक्या आणि पोकळ जमिनी, एवढ्यावर तिचा कारभार चालतो. रात्रीची गार हवा पंख्यांनी जमिनीखालच्या पोकळीतून खेळवली जाते. त्यामुळे थंडावलेले काँक्रीट दिवसा खोल्यांना गारवा देते आणि तापलेली हवा छतावरील धुराड्यांतून निघून जाते. पीअर्स यांना ही कल्पना वाळवीच्या वारुळावरून सुचली. (हवा खेळती राहिल्याने वारुळाच्या आतले तापमान स्थिर राहते, ही त्यामागची समजूत पुढे संशोधकांनी बरीच दुरुस्त केली, इमारतीचे त्यावाचून काही अडले नाही.) मुंबईच्या दमट रात्रींत हा उपाय फारसा चालणार नाही. पुण्यात मात्र मार्च-एप्रिलमध्ये दुपार कितीही तापली तरी पहाट बरीच गार असते. तेव्हा बांधकाम परवाना देतानाच दर्शनी भागातील काचेचे प्रमाण आणि खिडक्यांवरील सावली महापालिकेने काटेकोरपणे तपासावी, ही विनंती.

– एक नोकरदार वाचक, पुणे