पैसे आहेत कुठे?

बुधवार, रात्र

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, घराचं कर्ज फेडायला मी इथून, परदेशातून, पाठवलेल्या पैशांबद्दल सोमवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "निघाले म्हणतेस, पोचले नाहीत म्हणतेस, मग पैसे आहेत कुठे?" मी "वाटेत आहेत" म्हणाले आणि तेवढ्यात फोन कट झाला. तेव्हापासून ते उत्तर मला टोचतंय. ज्या माणसाने माझ्या शिक्षणासाठी राहतं घर गहाण टाकलं, त्याला एवढ्या रकमेचा हिशोब दोन शब्दांत देणं बरोबर नाही. म्हणून सविस्तर लिहिते. दादाला मोठ्याने वाचायला सांगा, म्हणजे आईलाही कळेल.

आधी मनाला शांतता देणारी गोष्ट. पैसे हरवलेले नाहीत. इथल्या माझ्या खात्यातून सोमवारी दुपारी रक्कम वजा झाली, पोचपावती माझ्याकडे आहे. आज सकाळी बँकेने दाखवलं की मधल्या बँकेने रक्कम पुढे सोडली आहे. आता ती तुमच्या बँकेच्या परकीय चलन विभागात आहे, कागद तपासून खात्यावर चढायची बाकी आहे.

"वाटेत" हा शब्दच खरं तर चुकीचा. नोटा कुठूनही कुठे जात नाहीत. जातो तो निरोप. माझी बँक दुसऱ्या बँकेला कळवते की आमच्या खात्यातून एवढे वजा करा आणि अमुक माणसाला द्या. जुन्या काळची हुंडी तुम्हाला माहीत आहे, मूळ कल्पना तीच. पूर्वी हे निरोप टेलेक्सवर जायचे, बराचसा मजकूर हाताने टाइप केलेला. १९७३ साली १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून बेल्जियममध्ये 'स्विफ्ट' नावाची संस्था काढली, १९७७ पासून तिचं जाळं चालू झालं. आज अकरा हजारांहून जास्त बँका आणि वित्तसंस्था त्यावर आहेत. पण स्विफ्ट स्वतः कुणाचे पैसे सांभाळत नाही, ती फक्त निरोप्या आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जातात ते बँकांनी एकमेकींकडे उघडून ठेवलेल्या खात्यांतून.

खरी मेख तिथेच आहे. माझ्या बँकेचं भारतात रुपयांचं खातं नाही. तिच्या ओळखीच्या एका मोठ्या बँकेचं आहे. म्हणून निरोप माझ्या बँकेकडून त्या मोठ्या बँकेला, तिच्याकडून तुमच्या बँकेला, असा तीन हातांतून गेला. प्रत्येक हातात नाव तपासलं जातं, कारण वाचलं जातं, वेळ जातो. शिवाय तिन्ही ठिकाणची घड्याळं वेगळी. मी दुपारी पैसे सोडले तेव्हा तुमच्याकडे बँक बंद व्हायला आली होती. दर बँकेची दिवसाची एक ठरलेली वेळ असते, तिच्यानंतर आलेलं काम दुसऱ्या दिवसाचं. म्हणून मुद्दाम सोमवार निवडला. शुक्रवारी संध्याकाळी मोठी रक्कम कधीही सोडू नये. अडली तर दोन दिवस विचारायलाही कुणी भेटत नाही.

हे मी अनुभवाने शिकले. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळचं तुम्हाला आठवत असेल. मी शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून घाईघाईत पैसे पाठवले आणि नावाच्या रकान्यात आईचं आत्ताचं नाव लिहिलं. खातं मात्र तिच्या माहेरच्या नावावर, लग्नाआधी उघडलेलं. देशातल्या देशात बरेचदा नुसत्या खाते क्रमांकावर पैसे जमा होतात, पण परदेशातून आलेल्या रकमेचं नावही ताडून बघतात. ते जुळलं नाही, रक्कम अडकली. इथली बँक म्हणायची आम्ही पाठवली, तिथली म्हणायची आमच्याकडे काही नाही. अकराव्या दिवशी पैसे माझ्याकडे परत आले. रुपयांचे पुन्हा इथल्या चलनात करताना भाव दुसरा लागला, वर दोन्हीकडच्या बँकांनी आपापली फी कापली. मधल्या काळात दादाने कुणाकडून उसने घेऊन दवाखान्याचं बिल भरलं, ते मला नंतर कळलं. आई, तू फोनवर "झालं गं सगळं नीट" एवढंच म्हणालीस. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून या वेळी एकेक अक्षर तपासलं. दादाने पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला होता, त्यात त्याच्या अंगठ्याची सावली नेमकी क्रमांकाच्या शेवटच्या तीन आकड्यांवर पडलेली. मधला आकडा तीन आहे की आठ, कळेना. फोटो मोठा करून पाहिला, तरी कळेना. मग फोन करून तुम्हाला आकडे वाचायला लावले, मी उलट वाचून दाखवले, आणि तुम्ही वैतागलात. पण युरोपात आणि इतर कितीतरी देशांत खात्याला 'आयबान' नावाचा लांब क्रमांक असतो. त्यात देशाच्या दोन अक्षरांनंतर दोन आकडे असे घातलेले असतात की पूर्ण क्रमांक ठराविक रीतीने नुसत्या आकड्यांत मांडून ९७ ने भागला की बाकी एक उरलीच पाहिजे. एक आकडा चुकला तरी पैसे निघण्याआधी संगणक अडवतो. आपल्याकडे आयबान नाही. त्यामुळे ती राखण आपण डोळ्यांनी आणि कानांनीच करायची.

स्विफ्टचा कोडही मी उलगडून पाहिला. आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची, पुढची दोन देशाची, नंतरची दोन ठिकाणाची, आणि शेवटची तीन असली तर शाखेची. तुमच्या बँकेच्या कोडात पाचवं-सहावं अक्षर 'आय' आणि 'एन' दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला. आयएफएससी वेगळा, तो देशातल्या शाखेचा, त्याचीही अकरा अक्षरं. दोन्ही अकराचे असले की गल्लत होते, दादाने पहिल्यांदा आयएफएससीच स्विफ्ट म्हणून पाठवला होता. त्याला रागावू नका, ही चूक पुष्कळांची होते.

मग मागच्या महिन्यात एक छोटी रक्कम पाठवून पाहिली, ती तुमच्या खात्यात दिसली आणि तुम्ही पासबुक छापून आणलंत, तेव्हाच मोठी सोडायचं ठरवलं. त्यावर दादा म्हणाला होता, मग सगळीच छोट्या छोट्या तुकड्यांत पाठव, म्हणजे कुणी काही विचारणार नाही. दादा, हे मात्र करायचं नाही. वाट नीट आहे का ते बघायला एक छोटी रक्कम पाठवणं वेगळं, आणि बँकेची नजर चुकवायला रकमेचे तुकडे करणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला बँका लगेच संशयाने बघतात आणि कितीतरी देशांत तो सरळ गुन्हा आहे, पैसे कष्टाचे असले तरी.

बँकेने मला विचारलंच. गेल्या गुरुवारी तिथल्या बाईंचा फोन आला. एवढी रक्कम आली कुठून, जाते कुणाकडे, कशासाठी? क्षणभर अपमान वाटला. नंतर त्यांच्या जागी बसून विचार केला तर पटलं. काळा पैसा रोखायला १९८९ पासून एक आंतरराष्ट्रीय कृती गट काम करतो, त्याच्या शिफारशींवर देशोदेशींचे नियम बेतलेले आहेत, आणि हयगय झाली तर बँकेला जबर दंड बसतो. मी पगाराच्या पावत्या, चार वर्षांची बचतीची खातेवही आणि तुमच्या बँकेचं फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पूर्ण फेडून बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र, दिलं. दीड दिवसात परवानगी मिळाली. कागद आधीच तयार ठेवले होते म्हणून. नाहीतर पैसे निघाल्यावर मधेच अडकले असते, आणि ते जास्त वाईट. तुमच्या बँकेतही विचारतील. तेव्हा सरळ सांगा, मुलीने स्वतःच्या पगारातून घराचं कर्ज फेडायला पाठवलेत.

अक्षर जुळण्यावरून एक खरी हकीकत सांगते, म्हणजे बँकेचा हा किचकटपणा तुम्हाला खुपणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेत शिरून, तिच्या नावाने, तिचं खातं असलेल्या न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला स्विफ्टवरून ३५ निरोप पाठवले, एकूण जवळजवळ ९५ कोटी डॉलरचे. वेळ निवडली सुट्ट्यांची. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार, अमेरिकेत शनिवार-रविवार, आणि फिलिपिन्समध्ये पुढचा सोमवार चिनी नववर्षाचा. पाच निरोप मान्य झाले. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला गेले आणि त्यातले बहुतेक परत मिळाले नाहीत. श्रीलंकेला निघालेले २ कोटी मात्र अडले, कारण 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं होतं आणि मधल्या बँकेतल्या कुणाला तरी ते खटकलं. आईचं नाव जुळलं नाही म्हणून आपले पैसे अडवणारा कारकून आणि हा, दोघं एकच काम करत होते. त्या अकरा दिवसांत मला हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला एवढे शिव्याशाप दिले नसते.

आता खर्चाचं. बाबा, तुम्ही विचारलंत फी किती लागली. फी किरकोळ. खरा पैसा जातो भावात. बँका आपसात ज्या भावाने चलन घेतात-देतात तो एक, आणि आपल्याला लावतात तो दुसरा. मधला फरक त्यांचा. शंभराला दोनचा फरक असला तर लाखामागे दोन हजार गेले, आणि पावतीवर फी म्हणून ते कुठेच लिहिलेलं नसतं. 'फी शून्य' अशी जाहिरात दिसली की मी आधी भाव विचारते. तीन ठिकाणी एकाच दिवशी, एकाच तासात विचारलं: एवढी रक्कम दिली तर तिकडे नेमके किती रुपये पोचतील? तोच एक प्रश्न. तिन्हींची उत्तरं वेगळी आली. मग माझ्याच बँकेत जाऊन म्हटलं, मोठी रक्कम आहे, भाव सुधारून द्या, आणि त्यांनी दिला. मोठ्या रकमेला भाव मागता येतो, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

दुसरी गोष्ट, मधल्या बँकांचा खर्च कुणी सोसायचा. पाठवणाऱ्याने सगळा, घेणाऱ्याने सगळा, किंवा दोघांनी आपापल्या बाजूचा, असे तीन पर्याय असतात. मी पहिला घेतला. कर्ज बंद करायला आकडा पुरा लागतो, शंभर रुपये कमी पडले तरी कर्ज उघडंच राहतं आणि गहाणखताचे कागद मिळत नाहीत. तरीही तुमची बँक आपलं काही कापेल, म्हणून थोडी रक्कम जास्तीची पाठवली आहे. फोरक्लोजर लेटरवरची तारीख आठवणीने बघा. तो आकडा त्याच तारखेपर्यंतचा, पुढे रोजचं व्याज चढतं. महिनाअखेरपर्यंत आपल्याला वेळ आहे.

सोबत पोचपावतीची प्रत जोडते. तीत खालच्या बाजूला ३६ चिन्हांचा एक लांबलचक क्रमांक आहे, आकडे आणि अक्षरं मिसळलेला, मध्ये आडव्या रेघा. तो या एका व्यवहाराचाच आहे. बँकेत गेलात तर "पैसे आले का" असं विचारू नका, हा क्रमांक पुढे करा. त्यावरून त्यांना निरोप सापडतो. कुणी 'एमटी १०३ आणा' म्हणालं तर मला कळवा, ती माझ्या बँकेने पाठवलेल्या निरोपाची प्रत; 'एमटी १०३' हे स्विफ्टच्या अशा निरोपाचं जुनं नाव.

आणि एक हात जोडून विनंती. या दिवसांत कुणी फोन करेल, "तुमची परदेशची रक्कम अडली आहे, सोडवायला एवढी फी भरा", किंवा "ओटीपी सांगा". पैसे खात्यात यायला ओटीपी लागत नाही. अडलेली रक्कम सोडवायला बँक कुणाच्या तरी खात्यात फी भरायला सांगत नाही. माझ्या नावाने "माझं खातं बदललंय" असा निरोप आला, अगदी माझ्या आवाजात आला तरी, फोन ठेवा आणि माझ्या जुन्या नंबरावर स्वतः लावा. मी उचलला नाही तर थांबा. चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम परत मागवता येते, पण घेणाऱ्याची संमती लागते, आणि ठगाने ती तासाभरात काढून घेतलेली असते.

उद्या गुरुवार. दुपारी तीनपर्यंत खात्यात दिसलं नाही तर दादाने परकीय चलन विभागात जाऊन यावं, मी इथून त्याच वेळी माझ्या बँकेला लावेन. दिसलं तर आकडा फोनवर वाचून दाखवा, पुन्हा एकदा, सावकाश. माझ्याकडे तेव्हा पहाट असली तरी चालेल. फोन उशाशीच ठेवते आहे.

आईला डोळ्यांत औषध वेळेवर घालायला सांगा.

तुमची,
लेक