उणे १२ मोठी की उणे १८?

महोदय,

गोठवलेल्या वाटाण्याच्या पाकिटावर ‘उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवा’ असे छापलेले असते. तुर्भ्यातल्या एखाद्या शीतगृहाचा काटा उणे १२ दाखवत असेल तर चालेल का, असे सहावीच्या वर्गात विचारून पाहा. ‘१२ हे १८ पेक्षा कमी, म्हणजे चालेल’ हे उत्तर हमखास येते. प्रत्यक्षात तापमान ६ अंशांनी जास्त आहे.

यावर शिकवणीतला तोडगा ठरलेला: ‘उणे दिसले की उलटे करा.’ दोन्ही संख्या ऋण असतील तोवर तो निभावतो. उणे ३ आणि २० समोर आले की मूल तिथेही उलटवते आणि उणे ३ मोठी ठरवते. शून्याशी तुलना असली तर आणखी गंमत; ‘शून्य म्हणजे काहीच नाही, त्यापेक्षा उणे ४ बरे!’

त्यापेक्षा संख्यारेषा सुरुवातीला उभी काढावी. आडव्या रेषेवर ‘उजवीकडची मोठी’ हे पाठ करावे लागते, उभीवर ते दिसते. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधली लिफ्ट घ्या. तळमजला शून्य, त्याखाली पार्किंगचे बी१, बी२, बी३. ‘बी’च्या जागी उणे चिन्ह लिहा. बी३ हा बी१ च्या खाली, हे कोणत्याही मुलाला सांगावे लागत नाही. वरची ती मोठी, मग चिन्ह कोणतेही असो.

अपूर्णांकांना हेच लागू. उणे ३/४ आणि उणे २/३ यांचे छेद १२ करा: उणे ९/१२ आणि उणे ८/१२. दुसरी शून्याच्या जवळ, म्हणून वर, म्हणून मोठी. दशांशात मात्र शिक्षकांनीच सावध राहावे. उणे ०.५ आणि उणे ०.४५ यांत ‘४५ हे ५ पेक्षा मोठे’ असे समजून, शिवाय चिन्ह विसरून, मूल उणे ०.४५ मोठी म्हणते. दोन चुका एकमेकींना खातात, उत्तर बरोबर येते आणि गुणही मिळतात! आधी उणे ०.५० लिहून घ्यावे आणि कारण विचारावे.

चष्म्याच्या दुकानात उणे ४ चा नंबर उणे २ पेक्षा ‘मोठा’ म्हणतात. त्यांचेही चुकत नाही. ते शून्यापासूनचे अंतर, म्हणजे केवल मूल्य सांगत असतात. क्रम विचारला आहे की अंतर, हे आधी ठरवावे.

एक गोष्ट मराठीत आयती मिळते. −७ ला ‘वजा सात’ नको, ‘उणे सात’ म्हणावे. वजा ही क्रिया, उणे हे संख्येचे चिन्ह. ३ − (−७) हे ‘तीन वजा उणे सात’ असे वाचले की दोन सारख्या दिसणाऱ्या रेघांची कामे वेगळी आहेत, हे कानालाच कळते.

– एक गणित शिक्षक, नौपाडा, ठाणे